समुद्राला मारलेल्या तीन हाका

मेलिन्नाच्या मुलाचे थडगे रिकामे होते, आणि हे सगळ्या कारिस्तोसला ठाऊक होते. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. समुद्राकाठच्या गावात निम्मी थडगी रिकामीच असतात. आत थेरोनचा एक जुना झगा होता, एक वहाण होती (दुसरी कुत्र्याने पळवली होती), आणि लहानपणी तो ज्यातून दूध प्यायचा ती कानतुटकी वाटी होती. वर दगड, दगडाला लोकरीच्या फिती, आणि शेजारी जमिनीत उभी पुरलेली एक मातीची नळी. दर तिसाव्या दिवशी मेलिन्ना त्या नळीतून दूध आणि मध ओतायची.

गावाच्या पूर्वेला काफेरेउसचे टोक. तिथला समुद्र माणसे खातो, आणि आजकालच नव्हे, फार पूर्वीपासून खातो आहे. ट्रॉय जिंकून आपल्या लोकांची जहाजे घरी निघाली, तेव्हा नाउप्लिओस नावाच्या म्हाताऱ्याने याच कड्यावर आगी पेटवल्या होत्या. त्याचा मुलगा पालामेदेस. त्याला ट्रॉयच्या छावणीत आपल्याच माणसांनी खोटा आळ घेऊन दगडांनी ठेचले होते. बापाने त्याचा सूड असा उगवला, की वादळात सापडलेल्या खलाशांना लांबून उजेड दिसला, त्यांना वाटले बंदर आले, आणि जहाजे सरळ खडकांवर चढली. एका मुलापायी किती आयांची मुले गेली, ते सांगायलाही कोणी उरले नाही. गावातली पोरे ही गोष्ट चालायला लागण्याआधी ऐकतात, आणि मोठी झाली की त्याच समुद्रात जातात. जाणार कुठे दुसरीकडे?

थेरोनचे जहाज तिथेच फुटले, त्याला तीन वर्षे झाली होती. देह मिळाला नाही. देह मिळाला नाही की करायचे ते ठरलेले आहे. किनाऱ्यावर उभे राहायचे, तोंड पाण्याकडे, आणि गेलेल्याला नाव घेऊन तीन हाका मारायच्या. मग वळायचे, आणि मागे न बघता थडग्यापर्यंत चालत यायचे. ज्याला बोलावले तो मागून येतो.

मेलिन्नाने हाका मारल्या होत्या. पहिल्या हाकेला तिचा आवाज फुटला, दुसरीला घसा दाटला, तिसरी कशीबशी बाहेर पडली. वाऱ्याने झोडपलेला तो किनारा तिसऱ्या हाकेनंतर एकदम गप्प झाला. मग ती चालायला लागली, आणि चार पावले गेली नाहीत तोच मागे ओल्या पायांचा आवाज आला. चपक, चपक. ती थांबली की तोही थांबे. तिने मागे पाहिले नाही. रडू मात्र आवरले नाही, आणि ते रडू दुःखाचे नव्हते. आला, एवढेच तिच्या मनात होते. माझा मुलगा माझ्या हाकेला आला.

तेव्हापासून दर महिन्याला ती जाई. दूध ओतले की जमीन घुटका घेई. अगदी स्पष्ट, तहानलेल्या माणसाने घ्यावा तसा. मेलिन्ना दगडाला टेकून बसे आणि गावातल्या बातम्या सांगे. सून ग्लीके अजून घरातच आहे, माहेरी जा म्हटले तरी जात नाही, तेही सांगे.

एकदा एक गंमत झाली. भाकरी बांधून दिली होती ग्लीकेने, आणि तिने पिठात शेळीचे चीज कालवले होते. थेरोनला लहानपणापासून चीजचा वास सहन होत नसे. ताटात दिसले तरी तो उठून जाई. थडग्यापाशी पुरचुंडी उघडली तेव्हा मेलिन्नाला ते कळले. तिने दगडाची माफी मागितली, उद्या दुसरी आणते म्हणाली, आणि अंजिराच्या पानावर ती भाकरी तशीच ठेवून आली. दुसऱ्या दिवशी पान रिकामे. नुसते रिकामे नव्हे, चाटून पुसून घडी घातलेले. कावळा पानाची घडी घालत नाही. मेलिन्नाला हसू आले. आयुष्यभर मी सांगून थकले, आणि मेल्यावर पोराची खोड गेली, असे तिने घरी येऊन सुनेला सांगितले. तेव्हापासून ती दर महिन्याला चीज नेऊ लागली.

आणि मग, द्राक्षे तुडवायच्या दिवसांत, एका भर दुपारी थेरोन घरी आला.

दुपारची ती वेळ आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलायची नसते. डोंगरावर मेंढपाळांचा देव पान झोपलेला असतो, त्याची झोपमोड करणारा सुखी राहत नाही. मेलिन्ना अंगणात वाळत घातलेली अंजिरे उलटीपालटी करत होती. कवाडाबाहेर सावली पडली. वर पाहिले तर छातीपर्यंत दाढी वाढलेला, पायांना चिंध्या बांधलेला एक माणूस कवाडाशी रोवलेल्या, वाटाड्या देव हर्मीसच्या दगडाला हात लावून उभा होता.

"आई," तो म्हणाला.

समोरच्या घरातल्या बाईने बाहेर डोकावले, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. ग्लीके पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने नवऱ्याला ओळखले, हे तिच्या चेहऱ्यावर दिसले. पण तीही पुढे आली नाही. कशी येणार? ज्याच्यासाठी विलाप गाऊन झाला, ज्याच्या नावाने केस कापून झाले, तो माणूस जिवंतांच्या दारातून आत येत नाही. त्याला शिवायचे नाही, त्याने देवळात पाऊल टाकायचे नाही.

तो उंबऱ्याबाहेरच बसला आणि सांगत राहिला. फळकुटाला धरून दोन दिवस तरंगला, कुठल्याशा जहाजाने उचलला आणि दक्षिणेला एका दगडाच्या खाणीवर विकला. तीन वर्षे दगड फोडले. मग खाणीवर ताप आला, पहारेकरी पटापट मेले, आणि हा पळाला.

मेलिन्ना ऐकत होती, पण तिचे डोळे त्याच्या पायांकडे होते. पाय कोरडे होते. तेवढ्याने तिचे समाधान होईना. ती आत गेली आणि सकाळची चीज घातलेली भाकरी पानावर ठेवून घेऊन आली. हात लागू न देता तिने ती त्याच्यासमोर सरकवली. तो दोन दिवसांचा उपाशी होता. त्याने घास मोडला, तोंडापाशी नेला, आणि तिथेच थांबला. नाक वाकडे करून तो बोटाने चीजचे कण एक एक करून वेचून टाकू लागला.

मेलिन्नाने त्याला मिठी मारली. शिवाशिवीचे भान तिला राहिले नाही. हा तिचाच होता. शिळ्या घामाचा वास येणारा, गरम, जिवंत.

आणि त्याच मिठीत तिला घडी घातलेली ती अंजिराची पाने आठवली. हा जर थेरोन, तर इतके दिवस चीज कोण खात होते?

बातमी लागली तशी फानो आली. ही गावची सुईण, सत्तरीची, कमरेत वाकलेली, जिभेने मात्र ताठ. थेरोनलाही तिनेच जगात आणले होते. तिने काठीने त्याची हनुवटी वर केली आणि निरखून पाहिले.

"ह्याला मी एकदा बाहेर काढलाय," ती म्हणाली. "तेव्हा एवढी दाढी नव्हती."

तिने सांगितले, घाबरायचे कारण नाही. असे पूर्वीही घडले आहे. असाच एक जण परत आला होता, आणि त्याने डेल्फीला जाऊन देवालाच विचारले. देव म्हणाला, बाळंतीण जे करते ते सगळे पुन्हा करा. तो पुन्हा जन्मू दे. दहा दिवस तो तान्हा; दहाव्या दिवशी चुलीभोवती फिरवा, नाव ठेवा, की झाला जिवंत. तोपर्यंत त्याला नावाने हाक मारायची नाही. तान्ह्याला नाव नसते.

मग तो जन्म झाला. मेलिन्ना पाटावर बसली, फानोने तिचे गुडघे धरले, आणि तो एवढा थोरला बाप्या आईच्या झग्याच्या घेरातून सरपटत बाहेर आला. अर्ध्यात अडकला तेव्हा फानो म्हणाली, पहिल्या खेपेलाही ह्याचे डोके असेच मोठे होते. त्याला कोमट पाण्याने धुतले, ग्लीकेच्या लग्नातल्या चादरीत गुंडाळले, आणि आईने छातीशी धरले. समोरच्या बाईची कडी हळूच निघाली. संध्याकाळपर्यंत कोणीतरी दाराला ऑलिव्हच्या डहाळ्यांची माळ लावून गेले, मुलगा झाल्याची. गल्लीतून जाणारे विचारत, बाळ रडते का, दात कधी येणार. ग्लीके तीन वर्षांनी हसली. ती नवऱ्याला म्हणाली, "दहा दिवस तुम्हाला अरे-तुरे करायची सोय झाली. बस रे नीट, बाळा. सांडू नकोस."

दोन दिवस असे आनंदात गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ग्लीके विहिरीवरून घडा घेऊन आली. थेरोन अंगणातच बसला होता, तिच्यासमोर, चार हातांवर. सवयीने तिच्या तोंडून निघून गेले, "थेरोन, पाणी घ्या."

"हो," उत्तर आले.

ते कवाडाबाहेरून आले होते. थेरोनचे ओठ मिटलेले होते.

ग्लीके घडा घट्ट धरून उभी राहिली. गल्लीत कोणी नव्हते. एवढ्या उन्हात कोण असणार? पण हर्मीसच्या दगडाशेजारी फरशीवर दोन पावले उमटली होती. ओली, अनवाणी, आत येणाऱ्या माणसाची. बघता बघता ती वाळली, आणि त्यांच्या जागी मिठाचा पांढरा थर राहिला.

त्यानंतर त्या दोघींनी जीभ आवरायला हवी होती. ग्लीकेने आवरली. पण आई ती आई. तीन वर्षे जे नाव दगडाला सांगितले, ते नाव ऐकणारा आता डोळ्यांसमोर होता. कुणी जवळ नसले की मेलिन्ना अगदी ओठांतल्या ओठांत म्हणायची, थेरोन. आणि मुलाने मान वळवायच्या आत बाहेरून उत्तर यायचे. पाचव्या दिवशी पावले विहिरीपाशी होती. सातव्या दिवशी अंजिरांच्या चटईपाशी, आणि अंजिरे खारट झाली होती. आठव्या दिवशी चुलीच्या खोलीच्या उंबऱ्याला लागून.

तसतसा थेरोन निवत चालला. अंगात ताप नव्हता, दुखणे नव्हते. पण हात धरला तर मासळीसारखा गार लागे. हाक मारली की तो चटकन बघत नसे. आधी दाराकडे बघे, जणू दुसरे कोणी ओ देते का याची वाट पाहतो आहे.

मेलिन्नाने फानोला बोलावून घेतले आणि सगळे सांगितले. हाकांचे, ओल्या पायांचे, चीजचेही. फानोने काठीवर हनुवटी टेकली.

"किनाऱ्यावर हाक मारलीस," तिने विचारले, "तेव्हा बापाचं नाव घेतलं होतंस?"

मेलिन्नाने नकारार्थी मान हलवली. हाक मारायची ती 'एर्गीनोसच्या पुत्रा, थेरोन' अशी मारायची असते. पण तिचा घसा दाटला होता. नवरा त्याच वर्षी वारला होता, त्याचे नाव तोंडातून निघेना. तिन्ही वेळा ती नुसतेच 'थेरोन' म्हणाली होती.

"मग झालं तर," फानो म्हणाली. "बापाच्या नावावाचून मारलेली हाक कुणाचीही असते. पाण्यात काय कमी जण आहेत? ज्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो तुझ्यामागे आला. आणि तू त्याला नाव दिलंस, घर दिलंस, जेवूही घातलंस. त्यात त्याची काय चूक, बाई? तुम्ही हाक मारता, तो येतो. पण एका नावाची ऊब दोघांना पुरायची नाही."

उपाय होता. नवव्या दिवशी थडग्यावर जायचे. झगा, वहाण, वाटी उकरून बाहेर काढायची, आणि बापाच्या नावासकट सांगायचे, की एर्गीनोसचा मुलगा थेरोन माझ्या घरी आहे, तू माझा कोणी नाहीस, चालता हो. तीनदा सांगायचे. मग त्याला नाव सोडावेच लागते.

"आणि मग तो जातो कुठे?" मेलिन्नाने विचारले.

फानो म्हणाली, ज्याला नाव नाही त्याला हर्मीस हाताला धरून खाली, मेलेल्यांची राणी पर्सेफोनी हिच्या दारी नेत नाही. नेणार कसा, कोण आला म्हणून सांगणार? असे जीव भुताखेतांची देवी हेकटी हिच्या मागे तिठ्यांवरून फिरत राहतात, कुत्री त्यांच्यावर भुंकतात. दुसरा उपाय एकच, की त्याला नाव राहू द्यायचे आणि मुलाला दहाव्या दिवशी नवे ठेवायचे. पण मग थेरोन हे नाव या घरात परत कधी येणार नाही, नातवालाही नाही. खाली दिलेले परत मागता येत नाही.

मेलिन्नाला हा दुसरा उपाय ऐकायचासुद्धा नव्हता. थेरोन हे तिच्या सासऱ्याचे नाव. एर्गीनोसने जाताना तिचा हात धरून एवढेच मागितले होते, की माझ्या बापाचे नाव घरात राहू दे. आणि तिचा मुलगा तिकडे हळूहळू गार पडत होता. कोण कुठला, पाण्यातून आलेला, त्याच्यासाठी?

नवव्या दिवशी दुपारी ती कुदळ घेऊन निघाली. सवयीने हाताबरोबर पुरचुंडीही आली, चीजच्या भाकरीची. वाटेत तिच्या ते लक्षात आले, आणि तिला स्वतःचाच राग आला.

थडग्यांच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. टोळांचे किर्र चालले होते, ते ती जवळ गेली तसे थांबले. ऊन एवढे होते की दगडांना सावली नव्हती. थेरोनचा दगड मात्र ओला होता. फिती ठिबकत होत्या.

मेलिन्नाने कुदळ उचलली आणि शब्द जुळवले. "एर्गीनोसचा मुलगा," ती म्हणाली, आणि तिला पुढचे सुचेना. तीन वर्षे ज्या दगडाला टेकून ती रडली, त्यावर कुदळ घालायला हात उठेना. म्हणून तिने आधी विचारले, "तू कोण आहेस?"

मग नळीतून, फार खोलवरून, पाणी हलल्यासारखा आवाज आला.

"आई?"

"मी तुझी आई नाही. तुझं नाव सांग."

"नाव गेलं. पाण्यात पहिल्यांदा तेच जातं." आवाज तरुण होता. बोलणे मात्र चमत्कारिक. म्हाताऱ्यांनीही कधीच सोडून दिलेले, जुन्या गाण्यांत ऐकू येतात तसे शब्द. "तू हाक मारलीस. दुसऱ्या कुणी मारली नाही. मला वाटलं, असेल माझंच."

मेलिन्नाची कुदळ खाली आली. "कसा बुडालास?"

"आग दिसली," तो म्हणाला. "कड्यावर. सगळे ओरडले, बंदर आलं. मी वल्ह्यावर होतो. मी पण ओरडलो." पाणी हलले. "आई, एक विचारू? ट्रॉय पडलं, ते घरी कळलं का?"

टोळ गप्प होते. मेलिन्नाच्या आजीची आजी जन्मली नव्हती, तिच्याही आजीची आजी जन्मली नव्हती, तेव्हापासून हे पोर त्या खडकांखाली होते. एका बापाचा मुलगा गेला, म्हणून त्याने हे पोर बुडवले. आणि आता ती उभी होती, हातात कुदळ घेऊन, आपल्या मुलासाठी.

ती खाली बसली. "कळलं, बाळा," ती म्हणाली. "सगळ्यांना कळलं. तुम्ही जिंकलात."

नळीतून सुस्कारा आला. गार, खारा, फार लांबचा. मेलिन्नाने पुरचुंडी सोडली, अंजिराचे पान पसरले आणि त्यावर भाकरी ठेवली. तो जेवतो की नाही ते तिने पाहिले नाही. पाठ फिरवून बसली. थोड्या वेळाने वळली तेव्हा पानाची घडी घातलेली होती. कुदळ खांद्यावर टाकून ती घरी आली.

चुलीशी बसून तिने मुलाला आणि सुनेला सारे सांगितले. नावाचेही सांगितले. शेवटी म्हणाली की आता तूच ठरव, नाव तुझे आहे. तू म्हणशील तर मी उद्या सकाळी परत जाते आणि त्याला घालवते. ग्लीकेने नवऱ्याचा गार हात दोन्ही हातांत घेतला होता. तिला एवढेच हवे होते की तो हात ऊबदार व्हावा. नाव काय, ती कुठल्याही नावाला राजी होती.

थेरोन विस्तवाकडे बघत राहिला. "खाणीवर तीन वर्षं मला 'ए' म्हणत होते," तो म्हणाला. "सगळ्यांनाच 'ए' म्हणायचे. आम्ही एकदम चाळीस जण वळून बघायचो. नाव नसलं की कसं होतं, ते मला माहीत आहे, आई. देऊन टाक त्याला."

दहाव्या दिवशी घर माणसांनी भरले. गंमत बघायला आलेलेच जास्त. तान्ह्याला उचलून चुलीभोवती पळायचे असते. याला उचलणार कोण? शेवटी तो चादर गुंडाळून स्वतःच चालला आणि तिघींनी चादरीची टोके धरली. फानो सोडून सगळे हसत होते. फानो उंबऱ्याकडे बघत होती.

उंबऱ्याच्या दगडावर पाण्याचा डाग पसरत होता. छपराला गळती नव्हती, कोणी घडा सांडला नव्हता. डाग पावलांएवढा झाला, दोन पावलांएवढा झाला, आणि थांबला. एकेक करून हसणारे गप्प झाले. खोलीत ओल्या शेवाळाचा वास आला. चुलीतला जाळ आडवा झाला, दारातून वारा आला की होतो तसा नाही, उलटा. जणू दारातल्या कुणाकडे तो ओढला जात होता.

फेरी पुरी झाली. मेलिन्ना मुलासमोर उभी राहिली. तिने हेस्तियाला, चुलीच्या देवीला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "हा माझा मुलगा. एर्गीनोसचा मुलगा. हर्मीसने ह्याला वाट दाखवली, म्हणून ह्याचं नाव हर्मियास."

मग ती उंबऱ्याकडे वळली. जमलेली माणसे भिंतीला टेकली.

"आणि थेरोन," ती म्हणाली. तिचा आवाज कापला, पण या खेपेला घसा दाटला नाही. "ते नाव तुझं. कुणी मागितलं तरी देऊ नकोस. पण तुझं घर हे नाही, बाळा. ज्याने ह्याला माझ्या दारी आणलं, तोच तुला नेईल. विचारील तो, कोण आलंय म्हणून. नाव सांग, आणि त्याचा हात धर."

मग उंबऱ्यावरचा डाग तुटला, आणि अंगणातल्या फरशीवर पावले उमटू लागली. चपक, चपक. पाठमोरी, कवाडाकडे जाणारी. हर्मीसच्या दगडापाशी ती थांबली. तिथून पुढे त्यांच्या शेजारी धुळीत दुसरी पावले दिसली. कोरडी, हलकी, नुसत्या चवड्यांची. टाचा जमिनीला लागतच नव्हत्या. पावलांचे दोन्ही माग गल्लीच्या वळणापर्यंत गेले. त्यापलीकडे पाहायला कोणी गेले नाही.

ग्लीके एकदम रडायला लागली. हर्मियासने तिचे डोळे पुसले, तेव्हा तिला कळले की त्याची बोटे गरम आहेत.

त्या महिन्याच्या तिसाव्या दिवशी मेलिन्ना दूध-मध घेऊन निघाली, तेव्हा मुलगा बरोबर आला. पुरचुंडी त्याने आईच्या हातून घेतली आणि नाकापासून लांब धरली. वाटेत त्याने विचारले की तो दिसतो कसा, माझ्यासारखा दिसतो का. मेलिन्ना म्हणाली, "मी बघितलं नाही. मागे वळून बघायचं नसतं. पण जेवतो तुझ्यापेक्षा नीट."

दगड कोरडा होता. मेलिन्नाने नळीत दूध ओतले आणि कान दिला. फार खाली, पूर्वीपेक्षा कितीतरी खाली, एक घुटका वाजला. ती दगडाला टेकून बसली आणि गावातल्या बातम्या सांगू लागली.

हर्मियास थोडा वेळ लांब उभा राहिला. मग पुढे आला, गुडघ्यांवर बसला, आणि श्वास रोखून त्याने पानावर चीजची भाकरी मांडली. मांडताना बोटांना लागले, ते त्याने पुसले नाही.

"घे, थेरोन," तो म्हणाला.